घरत मॅडम आणि तीन नंबरची शेड

परवा पनवेलच्या एका कॉलेजात बारावी झालेल्या मुलांसाठी कार्यक्रम होता. ‘सीए व्हायचंय? काय अपेक्षा ठेवाल?’ असा मोठा फलक लावला होता. प्रमुख पाहुणे होते आमच्या जुन्या फर्मचे मालक. ऑफिसात आम्ही सगळे त्यांना मोठे सर म्हणायचो, इथेही तेच म्हणतो, कारण त्यांचं नाव लिहायची माझी इच्छा नाही. मला पाच मिनिटं बोलायला बोलावलं होतं, ‘स्थानिक तरुण सीए’ म्हणून. माझं पोट सुटलं आहे आणि केस विरळ झाले आहेत, तरी पनवेलमध्ये सभागृह भरायचं असलं की माणूस बराच काळ तरुण राहतो.

मोठे सर शिस्तीवर बोलले, सचोटीवर बोलले, संयमावर बोलले. मुलं वह्यांत उतरवून घेत होती. मग सरांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “आमच्याकडे एक सीनियर लेडी सीए होत्या. हुशार होत्या. पण जागेवर न जाता कागद रंगवायच्या. एका क्लायंटची शेड न बघता बघितली म्हणून सांगून टाकलं. करिअर संपलं हो! तेव्हा मुलांनो, शॉर्टकट नको.”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, हे खोटं आहे.” सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने गोड हसून सांगितलं की प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ. शेवट आला, तेव्हा वेळेअभावी प्रश्नोत्तरंही रद्द झाली आणि माझी पाच मिनिटंही. शाल आणि नारळ मात्र आठवणीने दिला. नारळ मी तिथेच खुर्चीवर ठेवला आणि घरी आलो.

बायको म्हणाली, “आज काही लिहू नकोस. रागात आहेस.” म्हणून एक दिवस थांबलो. राग तेवढाच आहे. ज्यांच्याबद्दल सर बोलले त्या सुलभा घरत, आमच्या घरत मॅडम, उत्तर द्यायला येणार नाहीत. मागच्या वर्षी त्या वारल्या. जुन्या फर्मच्या ग्रुपवर मोठ्या सरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मॅडमनी जिवंतपणी मला तोंड उघडू दिलं नाही. आता उघडतो.

सीए व्हायचं तर नुसती परीक्षा देऊन भागत नाही. काही वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. तिला आर्टिकलशिप म्हणतात, आणि ती करणाऱ्या पोरांना आर्टिकल. तळ्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, फरसाणाच्या दुकानावर, आमची फर्म होती. पहिल्या दिवशी मी टाय लावून गेलो. डोक्यात काचेचं ऑफिस होतं, लॅपटॉप होता, मोठमोठ्या कंपन्यांची हिशेब तपासणी होती. दारातल्याच टेबलाशी एक ठेंगणी, काळीसावळी, डोळ्यांवर जाड चष्मा असलेली बाई बसली होती. तिने मला वर-खाली पाहिलं.

“कुठून आलास?”

“खांदा कॉलनी.”

“टाय काढ, खांदा कॉलनी. पंखा खाली आहे, अडकेल.”

पंखा खरोखरच खाली होता. त्या दिवसापासून ऑफिस सोडेपर्यंत मी त्यांच्यासाठी खांदा कॉलनी होतो. सगळ्या आर्टिकलना त्या गावाच्या नावानेच हाक मारायच्या. एक पोर खोपोली होता, एक तळोजा होता. माझ्याच बरोबरीने लागलेली तन्वी शिंदे कळंबोलीच्या बाजूची, ती रोडपाली. कुणाचं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मी ऐकलं नाही. तन्वीने एकदा विचारलं, “मॅडम, तुम्हाला आमची नावं माहीत तरी आहेत का?” त्या म्हणाल्या, “पास व्हा. मग पाटीवर वाचीन.”

पहिल्या दिवशीच मी त्यांना विचारलं होतं की इथे काय शिकायला मिळेल. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं. “पहिल्या वर्षी झेरॉक्स काढायला शिकशील. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला झेरॉक्स शिकवशील. तिसऱ्या वर्षी रजा मागायला शिकशील, ती मिळणार नाही. मधल्या वेळात डोळे उघडे ठेवलेस तर ऑडिटर होशील. नाय ठेवलेस तरी होशील, तेच वाईट आहे.” परवाच्या त्या सभागृहात मुलांना हे एवढं सांगितलं असतं तरी कार्यक्रम सार्थकी लागला असता.

मग त्यांनी माझ्यासमोर बिलांचा एक गठ्ठा टाकला आणि हिरवी पेन्सिल दिली. प्रत्येक बिल रजिस्टरमधल्या नोंदीशी ताडून बघायचं आणि बरोबर असेल तर त्यावर टिक करायची, एवढंच काम. मी कॉलेजात हुशार म्हणून गाजलेला. जेवणाच्या सुट्टीच्या आत गठ्ठा संपवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पानं उलटली, मधला एक कागद काढला आणि विचारलं, “मुलगी कुठली?”

“कुठली मुलगी?”

“नवरी. आणि जेवायला काय होतं?”

गठ्ठ्यात त्यांनी एक लग्नपत्रिका घालून ठेवली होती. वरती गणपती, खाली चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, आणि गणपतीच्या सोंडेशेजारी माझी हिरवीगार टिक. “टिक केलीस म्हणजे लग्नाला जाऊन आलास,” त्या म्हणाल्या. सगळं ऑफिस हसलं. मला वाटलं माझ्या एकट्याची फजिती केली. नंतर कळलं, तीच पत्रिका वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या आर्टिकलच्या गठ्ठ्यात जायची आणि तिच्यावर टिकांची दाटी झालेली होती. माझ्याआधीच्या टिका दिसत असूनही मी माझी केली होती! पत्रिका ओळखून बाजूला काढणारी एकच निघाली, रोडपाली. म्हणून मॅडमचा तिच्यावर जीव होता. तसं त्यांनी कधी दाखवलं नाही. उलट तिच्यावरच जास्त ओरडायच्या.

ओरडणं हा त्यांचा स्वभावच. ऑफिसात त्या शुद्ध बोलायच्या, पण राग चढला की उरणकडचं त्यांचं गाव जिभेवर यायचं. आम्ही काहीही सांगायला गेलो की एकच प्रश्न. क्लायंटने माल आला म्हणून सांगितलं, मशीन बसलं म्हणून सांगितलं, की चष्म्यावरून बघत त्या विचारायच्या, “सोताच्या डोल्यांनी बगितलंस का आयकलंस?” ऐकलं असेल तर चप्पल घालून परत जायचं. ऊन असो, ट्रॅफिक असो, क्लायंट चिडो. हा प्रश्न आम्ही त्यांच्यामागे नकला करून एकमेकांना विचारायचो. खोपोली म्हणायचा, मला मुलगी बघायला जायचंय, आणि आम्ही सगळे कोरसमध्ये ओरडायचो.

हा प्रश्न त्यांनी कुठून आणला तेही एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील मिठागरात राबायचे. मिठाची रास पिकली की व्यापारी यायचा, पण बांधापर्यंत चालत यायचा नाही. गाडीत बसूनच लांबून रास बघायचा आणि ओली आहे, बारीक आहे म्हणून भाव पाडायचा. “आमचा बापूस त्याला हात जोडून सांगाचा, शेट, खाली उतरा न बगा. तो काय उतरला नाय कवा. पायाला चिखल लागंल ना!” हे सांगताना त्यांचा आवाज एवढा चढला होता की खालच्या फरसाणवाल्याने वर डोकावून पाहिलं. ऑडिटर म्हणून त्यांना दुसरं काही करायचंच नव्हतं. गाडीतून खाली उतरायचं होतं.

मोठे सर कधी उतरायचे नाहीत. हे आता मी रागाने म्हणतो आहे असं नाही, ते तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. सर माणसं सांभाळण्यात वाकबगार होते. गोड बोलायचे, क्लायंटच्या मुलांच्या मुंजींना जायचे. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मांसाहार नको, असा त्यांनी नियम केला होता, सगळ्यांच्या भावना जपण्यासाठी म्हणे. मॅडमचा डबा सुकटीचा आणि तांदळाच्या भाकरीचा. त्या आपल्याच टेबलाशी बसून, खिडकी उघडून, सावकाश जेवायच्या. सरांनी एकदा हसत हसत विषय काढला तर म्हणाल्या, “तुमच्या पोह्यांचा वास मी काढला का कधी?” विषय संपला.

आर्टिकलना परीक्षेआधी अभ्यासाची रजा मिळायला हवी असते. आमच्याकडे ती मागितली की सर खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “अरे, आम्ही नोकरी करून शिकलो. थोडं काम संपवून जा ना.” ते थोडं काम परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत संपायचं नाही. तन्वीचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे, घरात शिकलेली ती पहिली. शेवटच्या परीक्षेला तिची रजा सरांनी अशीच लोंबकळत ठेवली, तेव्हा मॅडम तिची बॅग घेऊन जिन्यापर्यंत गेल्या आणि तिला अक्षरशः खाली ढकललं. “रोडपाली, निकालाच्या आधी इथं दिसलीस तर बघ!” मग सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की तिची सगळी कामं मी करणार. त्या कामांतच एका भातगिरणीचं काम होतं. तीन नंबरची शेड तिथली.

या गिरणीच्या शेठने बँकेकडून कर्ज घेतलं होतं, शेडमधल्या पोत्यांच्या जोरावर. शेडी तीन. दर वर्षी मार्च संपताना आमच्या फर्मचा एक आर्टिकल तिथे जायचा, माल पाहायचा आणि तसं लिहून आणायचा. म्हणजे पाहायला जायचा असं आम्ही समजत होतो. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, तिला कुणी पद्धत म्हणत नाही पण सगळे पाळतात. मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवायचा, तारीख बदलायची, आकडे क्लायंटकडून घ्यायचे, बाकीचं जसंच्या तसं उतरवायचं. गिरणीचा दिवाणजी मोठा अगत्यशील होता. “ऊन फार आहे, कुठे जाता आत, बसा, रस घ्या,” म्हणून आर्टिकलला पंख्याखाली बसवायचा. आर्टिकलला बिचाऱ्याला तीन दिवसांत दहा ठिकाणी जायचं असायचं आणि परतीचं भाडंही स्वतःच्या खिशातून द्यायचं असायचं. रस पिऊन तो लिहायचा, ‘शेड क्रमांक तीन पाहिली. छप्पर एका बाजूने गळके. माल सुस्थितीत.’

मॅडम मला घेऊन गेल्या. रस त्यांनी नाकारला. पहिली शेड पाहिली, दुसरी पाहिली, पोत्यांवर चढून पाहिली. तिसरी कुठे म्हणून विचारलं तर दिवाणजी म्हणाला, ती जरा लांब आहे, किल्ली शेठकडे आहे. “किल्ली नको, बाहेरून बघते,” म्हणून मॅडम मला स्कूटरवर मागे बसवून निघाल्या. पत्ता विचारत विचारत आम्ही एका पत्र्याच्या कुंपणापाशी येऊन थांबलो. कुंपणाआड सपाट जमीन, लांबवर मशिनं चाललेली. रस्ता तिथेच संपत होता.

जवळच एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. मॅडमनी विचारलं, “आई, हितं भाताची शेड होती ना?”

“व्हती कवा तरी. इमानतलाला जमीन गेली तवाच गेली ती. मशीन आला न एका दिसात सपाट केलान.” मग आमच्याकडे बघून म्हणाली, “तुमी आता आल्याव?”

मला आधी हसू आलं. नसलेल्या शेडचं गळकं छप्पर आम्ही वर्षानुवर्षं लिहीत होतो! तन्वी फर्ममध्ये येण्याच्या कितीतरी आधी ती शेड पाडलेली होती. ऑफिसात येऊन जुने कागद काढले तर प्रत्येक वर्षी तेच वाक्य, वेगवेगळ्या अक्षरांत. आणि एका वर्षीच्या कागदावर लाल शाईत मोठ्या सरांचा स्वतःचा शेरा, ‘छप्पर दुरुस्तीबाबत क्लायंटला कळवावे.’ खाली सही. हा शेरा मॅडमनी मला दाखवला. मी तो वाचला. मॅडम हसल्या नाहीत. “याचा अर्थ पोरांनी इतकी वर्षं पाहिलंच नाही काही,” एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

त्यांनी सरांना सरळ सांगितलं की शेड नाही असं अहवालात लिहायचं. सर म्हणाले, ‘पाहता आली नाही’ असं लिहू. मॅडम म्हणाल्या, “पाहता आली. पाहिली. नाहीये.” तेवढ्यात बँकेलाही कुठून तरी सुगावा लागला आणि त्यांचं पत्र आलं. मागच्या वर्षी ही शेड कोणी पाहिली, असं त्यांनी विचारलं होतं. मागच्या वर्षी गेली होती तन्वी. तिने पत्रिका ओळखली होती, पण दिवाणजीच्या रसापुढे तीही हरली होती. तिचं काम तपासणारा सीनियर नोकरी सोडून परदेशी गेला होता आणि तपासल्याची सहीसुद्धा न करता गेला होता.

आता पुढचं मी जे सांगतो ते नीट वाचा. मी केबिनमध्ये फायली घेऊन उभा होतो. सरांनी मला थांब म्हटलं आणि मग माझा त्यांना विसर पडला. हे मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

सर म्हणाले, “घरतबाई, प्रॅक्टिकल व्हा. आर्टिकलने न बघता लिहिलं. तिला काढतो, सीएंच्या संस्थेला तसं कळवतो. बँकेला तेवढं पुरे.”

“तिची उमेदवारीची सगळी वर्षं जातील. परीक्षेला बसता येणार नाही तिला.”

“परत करेल. तरुण आहे.”

“आणि तिच्या आधी लिहिणारे? आणि छपरावरचा तुमचा शेरा?”

“कोणता शेरा?”

मॅडमनी माझ्या हातातली फाईल ओढून घेतली आणि ते वर्ष काढलं. तो कागद तिथे नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी सरांकडे. सर पेपरवेट फिरवत होते. आजही तो माणूस व्यासपीठावर उभा राहून सचोटी हा शब्द उच्चारतो तेव्हा मला ते पेपरवेट दिसतं, आणि ते उचलून फेकावंसं वाटतं.

“मग तुमचं नाव द्या,” मॅडम म्हणाल्या. “सही तुमची असते.”

सर हसले. “माझं नाव दिलं तर फर्म राहील का? बाकीची पोरं कुठे जातील? पुढच्या महिन्यापासून फर्मच्या पाटीवर भागीदार म्हणून तुमचंही नाव येतंय, विसरू नका. इमोशनल होऊ नका. कोणाचं तरी नाव द्यावं लागेल, हे तुम्हालाही कळतं.”

त्या पाटीची वाट मॅडमनी किती वर्षं पाहिली होती ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यानंतर आलेल्या दोघांची नावं तिच्यावर चढली होती. मग त्यांनी सरांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. “कोणाचं तरी पायजे ना? माजं घ्या,” म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. ‘मागच्या वर्षी तन्वीला गिरणीवर मीच पाठवलं होतं. तिसऱ्या शेडवर जाऊ नको, ती मी पाहिली आहे, असं मीच सांगितलं होतं. तिने माझ्या शब्दावर लिहिलं.’

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मागच्या वर्षी त्या गिरणीशी मॅडमचा काडीचा संबंध नव्हता, आणि समोर बसलेल्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने कागद वाचला. मला वाटलं आता तरी हा माणूस म्हणेल, अहो घरतबाई, हे काय. तो म्हणाला, “खाली तारीख टाका.”

मॅडमनी तारीख टाकली.

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावलो. “मॅडम, तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्ही!” मला रडू येत होतं आणि त्यांचाच राग येत होता. तो अजून येतो, तेही सांगून टाकतो. सगळा जन्म आम्हाला खऱ्यासाठी उन्हातान्हात पिटाळलंत आणि त्या नालायक माणसाला एवढं सोयीचं खोटं हातात का दिलंत? भांडला का नाहीत? मी साक्ष दिली असती. मी तेही म्हणालो.

“तू देशील, न तुजीपन वर्षं घालवशील. मग दोन पोरं गेली.” पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, “रोडपालीला यातलं कळलं तर तंगडं मोडीन तुझं. परीक्षा हाय तिची.”

पुढे चौकशी झाली, मॅडमचं नाव काही काळासाठी सीएंच्या यादीतून काढलं गेलं. नंतर परत घालता आलं असतं. त्यांनी अर्जच केला नाही. फर्मचं काही वाकडं झालं नाही, पाटीवर दुसरंच नाव आलं. ऑफिसात सगळ्यांना सांगण्यात आलं की मॅडमनी हलगर्जीपणा केला. तन्वी परीक्षा देऊन परत आली, तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती रडली, आणि मग रागावली. “आपल्याला एवढं ओरडायच्या आणि स्वतः असं?” असं ती माझ्यासमोर म्हणाली. मी वचनाला बांधलेला होतो. तन्वी, तू हे वाचत असशील तर तुझं ते वाक्य आता मागे घे.

मॅडम मला पुन्हा भेटल्या त्या एकदाच, काही वर्षांनी. मी सीए झालो होतो आणि उरणच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गोदामात माल पाहायला गेलो होतो. माझा आर्टिकल माझ्या आधी पोचला होता. दारातून आत शिरतो तर ओळखीचा आवाज कानावर आला.

“ऊठ आदी! एसीत बसून काय लिवतंस? टाय काढ, बूट घाल, पोती बगायला चल!”

मॅडम त्या कंपनीत हिशेबाचं काम बघत होत्या. जगात बहुधा त्या एकट्याच असतील, ज्या तपासायला आलेल्या माणसाला धरून तपासायला नेत होत्या. माझा आर्टिकल टाय हातात घेऊन कावराबावरा उभा होता. मला पाहून त्या क्षणभर थांबल्या. केस सगळे पांढरे झाले होते. “हा तुझा का रे, खांदा कॉलनी? काय शिकवलंस याला?” म्हणाल्या. माझी चौकशी म्हणून एवढीच केली. मग सगळं गोदाम आम्हाला फिरवलं, मागच्या रांगेपर्यंत, पोत्यांवर चढवून. काम संपल्यावर चहा मागवला आणि पेल्यात बघत विचारलं, “रोडपालीचं काय?”

“पास झाली म्हणे. रोडपालीतच स्वतःचं ऑफिस टाकलंय म्हणे.”

“म्हणे?” पेला खाली आदळला. “म्हणे म्हंजे काय? बगितलंस का आयकलंस?”

मी माझा चहा बाजूला ठेवला.

“गाडी हाय ना तुझी? चल.”

रस्ताभर त्या ट्रेलरवाल्यांना शिव्या घालत होत्या. दुसरं काही बोलल्या नाहीत. रोडपालीत एका इमारतीच्या तळमजल्यावर, दूध डेअरी आणि सलूनच्या मधोमध, तो गाळा सापडला. शटर अर्धं ओढून कुलूप लावलेलं होतं आणि त्यावर एक कागद चिकटवलेला होता, ‘साइटवर माल पाहायला गेले आहे. चार वाजता येईन.’ मॅडमनी तो कागद वाचला. परत एकदा वाचला. मग वर पाटीकडे पाहिलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

मी म्हणालो, “चारपर्यंत थांबू. आणि आता तरी तिला सांगू द्या मला. ती तुमच्याबद्दल काय समजून बसली आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

“समजू दे. काम करतेय ना.”

“पण ते खोटं आहे, मॅडम!”

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. डेअरीवाल्याचं स्टूल त्यांनी स्वतः उचलून आणलं, त्याच्यावर चढल्या आणि पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत, शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचलं, “सीए. तन्वी. दत्तात्रय. शिंदे.”

मग खाली उतरल्या. स्टूल जागेवर ठेवलं. “बगितलं,” म्हणाल्या. मी गाडीने सोडतो म्हणालो तर नको म्हणून हात केला, शेअर रिक्षाला थांबवलं आणि ड्रायव्हरशेजारी अर्ध्या जागेवर बसल्या. रिक्षा वळेपर्यंत त्या बाहेर वाकून त्या पाटीकडेच बघत होत्या.